आमचा विभाग हिरवा झाला

पडद्यावर आमचा विभाग हिरवा दिसला आणि हॉलमधल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या रांगेतल्या एकीने माझ्या पाठीवर थापही मारली. मला वाटलं, साहेबांच्या हातून चुकून दुसऱ्याच कुणाचा विभाग उघडला असेल.

मी नवागामला, दिंडोलीच्या अंगाच्या एका गल्लीत आंगणवाडी चालवते. तेवीस वर्षं झाली. गल्लीत लूमवर काम करणारी माणसं राहतात, बहुतेक आमच्यासारखीच खानदेशातून गुजरातेत आलेली. पोरांना खिचडी आणि गूळ-पिठाची सुखडी देणं, त्यांची वजनं करणं, पोटुशा बायांच्या घरी फेरी मारणं आणि हे सगळं सरकारी मोबाइलमध्ये भरणं हे माझं काम. पोरांच्या दंडाला लावायची एक पट्टी आम्हाला दिलेली असते. दंड फार बारीक असला की ती लाल दाखवते, मधला असला की पिवळी, बरा असला की हिरवी. मला आता पट्टी लावायचीही गरज पडत नाही. पोरगं उंबरा ओलांडतानाच कळतं. त्या महिन्यात माझी अकरा पोरं लाल होती. म्हणून ती टाळी मला टाळीसारखी लागली नाही. कुणीतरी थट्टा करतंय असं वाटलं.

ही मीटिंग उधन्याच्या ऑफिसात होती. वरून एक साहेब आले होते, तिशी-पस्तिशीतले, गळ्यात ओळखपत्र, बोलायला मृदू. त्यांनी लॅपटॉपवर शहराचा नकाशा लावला होता. वेबसाइटवरचा तो नकाशा कुणीही उघडू शकतं, असं ते सांगत होते. शहराचे तुकडे तुकडे केलेले, प्रत्येक तुकड्याला रंग. तुकड्यावर दाबलं की बाजूला चौकट उघडायची: शिकलेल्या बाया किती, पुरुषांमागे बाया किती, नळ किती घरांत, पोरांची वजनं कशी. नदीकाठचे मोठ्या बंगल्यांचे भाग दाट हिरवे. मग ते खाली आमच्याकडे आले. आमचा हिरवा निघाला. शेजारचे दोन पिवळे. बमरोली लाल.

“बमरोली कोण?” सुपरवायझर बेनने विचारलं. “ऊभा थाओ.”

माझ्या शेजारी बसलेली बाई उभी राहिली. ती माझी नणंद. नवऱ्याची धाकटी बहीण. बमरोलीत मिलच्या मागे तिची आंगणवाडी आहे. जागा निघाल्याचं मीच तिला सांगितलं होतं, फॉर्मही मीच भरला होता, आणि हे मी तिला अधूनमधून ऐकवत असे. ती उभी राहिली ती साहेबांचं बोलणं संपेपर्यंत उभीच होती. तिला बस म्हणायचं कुणाला सुचलं नाही. मलाही नाही.

साहेब म्हणाले, पुढच्या महिन्यापासून अशक्त पोरांचं जादा दूध आणि जादा सुखडी लाल विभागांना जाईल. हिरव्या विभागांना आता त्याची गरज उरलेली नाही.

मी हात वर केला. “साहेब, माझ्याकडे अकरा पोरं लाल आहेत.”

“बेन, तुमचा विभाग चांगला आहे.”

“विभाग असेल. पोरं नाहीत.”

दोन-तीन जणी हसल्या. साहेब हसले नाहीत. त्यांनी आमच्या हिरव्या तुकड्यावर दाबलं आणि तो मोठा केला. तेव्हा मला त्याची हद्द दिसली. अलीकडे आमच्या गल्ल्या, मध्ये खाडी, आणि खाडीच्या पलीकडे नव्या सोसायट्यांचे टॉवर. सगळं एकाच रेघेच्या आत.

“हे टॉवर माझे नाहीत,” मी म्हणाले.

“यांच्या पोरांची वजनं भरलेली आहेत,” साहेब म्हणाले. त्यांनी आणखी एक चौकट उघडली. “तुमच्याच मोबाइलवरून.”

खरं होतं. आदल्या हिवाळ्यात सुपरवायझर बेन माझ्या मागे लागली होती, खाडीपारच्या सोसायट्या तुमच्याच विस्तारात, म्हणजे हद्दीत, येतात, त्या कवर करा. मी तीनदा गेले. दोनदा वॉचमनने गेटवरूनच परत पाठवलं. तिसऱ्या वेळी सोसायटीच्या सेक्रेटरीने खाली एक छापील कागद पाठवला. त्यावर पोरांची नावं, वयं, उंची, वजनं, सगळं आयांनी आपापल्या घरी लिहून दिलेलं. एकाही पोराचं मी तोंड पाहिलं नाही. गेटबाहेरच्या कठड्यावर बसून कागदावरचं मोबाइलमध्ये उतरवलं. खोटं कशाला बोलू, उतरवताना बरं वाटत होतं. प्रत्येक पोरासमोर हिरवी खूण येत होती. माझ्या गल्लीतली पोरं भरताना असं कधी होत नाही.

त्या हिरव्या पोरांत माझी अकरा बुडून गेली. सगळ्यांची मिळून सरासरी काढली की विभाग चांगला दिसतो. साहेबांनी हे फार शांतपणे समजावून सांगितलं, जणू मी गणितात कच्ची आहे.

“बेन, बेसी जाओ,” सुपरवायझर म्हणाली. “हिरवा आला तरी रडता?”

परत येताना मी आणि नणंद एकाच शेअर रिक्षात होतो. आम्ही अहिराणीत भांडतो. मराठीत माणूस जरा जपून बोलतो, गुजरातीत तर गोडच बोलावं लागतं; अहिराणीत काही आडवं येत नाही.

“तुले टाळ्या, आनि मले बठ्ठासमोर उभं करं,” ती म्हणाली. “आते दूधबी तुलेच पाहिजे का?”

“मी तुझं दूध मागत नव्हते, ताई. माझं जाऊ नको म्हणत होते.”

“एकच आहे ते.”

ती आपल्या नाक्यावर उतरली. एरवी उतरताना ‘येते वहिनी’ म्हणायची, त्या दिवशी म्हणाली नाही.

त्यानंतर मला त्या नकाशाचं वेडच लागलं. मीटिंगमध्ये साहेबांनी सगळ्यांना लिंक पाठवली होती. बाकीच्या बायकांनी ती पुसून टाकली असेल. मी दुपारी पोरं गेली की आंगणवाडीत चटईवर बसून नकाशा उघडायची. दोन बोटांनी ताणत ताणत आमचं पत्र्याचं छप्पर शोधलं. सापडलं. पाण्याच्या टाकीवर नवऱ्याने घातलेला निळा कागदसुद्धा दिसला. खाडीचं पाणी नकाशात काळं नाही, राखी दिसतं. वास तर येतच नाही. थर बदलायचं बटण असतं, ते दाबलं की एकाच शहरावर वेगवेगळे रंग चढतात. नळांचा थर, शाळांचा थर, बायांचा थर. मी एकेक थर चढवायची आणि नदीपासून आमच्यापर्यंत बोट सरकवत आणायची. बहुतेक थर आमच्याकडे येईस्तो विटायचे. ज्या बंगल्यांत गल्लीतल्या चार जणी भांडी घासायला जातात ते भाग मी एक एक करून दाबून पाहिले. प्रत्येक चौकट वाचताना चीड यायची, तरी पुढची उघडायची.

बमरोलीही दाबून पाहिली. तिथे चौकटीत लिहिलेलं, पुरुषांमागे बाया अगदीच थोड्या. ते मला नवीन नव्हतं. मिलमध्ये काम करणारे ओरिसा-यूपीचे एकटे पुरुष तिकडे खोल्या करून राहतात, एक पाळी कामावर गेली की दुसरी त्याच गोधडीत झोपते. मी हिशेब केला: बाया नाहीत म्हणजे पोरं नाहीत. आणि पोरं नाहीत तिथे माझ्या पोरांचं दूध चाललंय.

दूध बंद झालं त्याच आठवड्यात गल्ली माझ्यावर उलटली. माझ्या अकरांतली सगळ्यात वाईट मुलगी अडीच वर्षांची होती, दंड माझ्या अंगठ्या-बोटाच्या कडीत मावायचा. तिची आई घरी बसून साड्यांना टिकल्या लावायची. एका सकाळी ती पोरीला काखेत घेऊन आंगणवाडीच्या दारात उभी राहिली आणि आत न येताच ओरडायला लागली.

“दूध कोठे गयं आमनं?”

“वरून बंद झालं.”

“वरून नाही. तुझ्या नणंदेकडे गेलं. बमरोलीला. मला सगळं कळलंय. घरातल्या घरात वाटून घेतलं ना?”

मी नकाशाचं सांगायला लागले. सांगता सांगता माझंच मला हसू आलं असतं, इतकं ते खोटं वाटत होतं. ‘आपण हिरवे झालो म्हणून दूध गेलं’, हे कुठल्या आईला पटेल? ती म्हणाली, “रंगाच्या गोष्टी मला नको सांगू, माझा नवरा मिलच्या रंगातच उभा असतो दिवसभर.” शेजारच्या दोन घरांतून बाया बाहेर आल्या. एकही माझ्या बाजूने बोलली नाही. त्यांतल्या एकीची तिन्ही बाळंतपणं मी दवाखान्यात नेऊन केली होती.

दोन दिवसांनी आंगणवाडीच्या दारावर कोळशाने लिहिलेलं होतं: दूधचोर. मी ओल्या फडक्याने पुसलं. पुरतं गेलं नाही. पोरं अक्षरं गिरवायला लागली म्हणून वर वारांचा तक्ता चिकटवला.

त्या रविवारी नणंद भावाला भेटायला आली. माझा नवरा पांडेसऱ्याच्या मिलमध्ये आहे, आठवड्यात तेवढाच एक दिवस घरी सापडतो. बहीण आली की त्याचा चेहरा उजळतो. ती बसली, पाणी प्यायली, आणि मला म्हणाली, “दारावर काय लिहिलं होतं म्हणे?”

तिच्या आवाजात मला मजा ऐकू आली. असेल किंवा नसेल. मी मोबाइल काढला, बमरोलीचा लाल तुकडा उघडला आणि तिच्या तोंडासमोर धरला.

“हे बघ. तुझ्याकडे बाया नाहीत. नुसते बापेच बापे. पोरं कुठून आणतेस तू? माझ्या पोरांचं दूध कोणाला पाजतेस? मिलवाल्या भैयांना?”

नवरा म्हणाला, “अगं, काय बोलतेस!”

नणंदेने मोबाइल बाजूला सारला. “तू कधी येऊन पाहिलंस?”

“पाहायला कशाला पाहिजे? लिहिलंय इथे.”

“मग वाच बसून.” ती उठली. जेवायला थांबणार होती, मी वांग्याचं भरीत केलं होतं. थांबली नाही. नवरा तिला नाक्यापर्यंत सोडायला गेला आणि परत आल्यावर माझ्याशी दोन दिवस बोलला नाही.

बोलणं तुटलं. दीड-दोन महिने गेले. मग पावसात ती मिलच्या गेटाशी घसरून पडली आणि तिचं मनगट मोडलं. सुपरवायझर बेनने मला फोन केला: तुमच्याच घरातल्या आहेत, पंधरा दिवस त्यांचा चार्ज तुम्ही घ्या, सकाळी तुमचं केंद्र, दुपारी त्यांचं. नाही म्हणायची सोय नसते. नणंदेने चावी भावाच्या हाती पाठवली. बरोबर निरोप काही नाही.

बमरोलीचं केंद्र म्हणजे मिलच्या मागच्या भिंतीला लागून एक खोली. भिंत दुपारी हाताला कोमट लागते. रजिस्टरमध्ये पोरं थोडी, आणि त्यातली नऊच आली. मी मनात म्हटलं, बघ, मी म्हणत होते ते खरं निघालं. नऊ पोरांना खिचडी वाढली तरी पातेलं निम्मं भरलेलं. सुखडीचा डबा तर पुरा शिल्लक. एवढं रोज कुठे जात असेल? चोरी पकडल्यासारखा आनंद मला झाला, हे मी लपवत नाही.

शेजारच्या खोलीतली म्हातारी दारात येऊन बसली होती. ओरिसाकडची असावी, मोडक्या हिंदीत बोलायची. तिने विचारलं, “खिडकी पे नहीं जाओगी?”

“कौन सी खिडकी?”

ती उठली आणि पुढे चालायला लागली. मी पातेलं घेऊन मागे. दोन गल्ल्या सोडून खोल्यांची एक लांब रांग होती, चाळीसारखी, प्रत्येक दाराला बाहेरून कुलूप. म्हातारीने एका खिडकीच्या गजांवर बांगडी वाजवली. आतून हात बाहेर आला. लहान हात, तळवा वर. मग दुसरा. मग पुढच्या खिडकीतून, आवाज ऐकून, आणखी दोन.

या खोल्यांतली नवरा-बायको दोघं मिलमध्ये जातात. बाया येतात त्या अशाच येतात, नवऱ्याबरोबर चार महिन्यांसाठी, धाग्याच्या नाहीतर पॅकिंगच्या कामाला. पोरांना खोलीत कोंडून जातात, कारण बाहेर ट्रक आहेत, उकळतं पाणी आहे, आणि सांभाळायला कुणी नाही. चार महिन्यांनी बिऱ्हाड हलतं. कागद कुठलेच इथले नसतात, म्हणून मोबाइल त्यांना घेत नाही. रजिस्टरमध्ये नाहीत, नकाशात नाहीत. माझी नणंद रोज दुपारी पातेलं घेऊन गजांतून त्यांना भरवत होती. दूध स्टीलच्या पेल्यात, कारण प्लास्टिकचा पेला गजात अडकून मोडतो. हे म्हातारीने सांगितलं.

पंधरा दिवस मी ते केलं. एक पोरगी चारेक वर्षांची, धाकट्या भावाला कडेवर घेऊन खिडकीशी उभी राहायची. आधी त्याला भरवायची, मग स्वतः खायची. मी दंडाची पट्टी गजांतून आत सरकवून त्यांचे दंड मोजले. काय रंग येत होता ते सांगायला नको. रजिस्टरमध्ये होती त्याच्या दुपटीहून जास्त पोरं मी त्या खिडक्यांत मोजली.

मला दया आली असेल असं वाचणाऱ्याला वाटेल. आली. पण त्याहून जास्त राग आला, आणि तो नणंदेचा आला. चावी परत द्यायला मी तिच्या घरी गेले तेव्हा ती प्लॅस्टरचा हात उशीवर ठेवून बसली होती.

“सांगितलं का नाहीस?” मी म्हणाले. “एवढं भांडलीस, पण हे एकदा तोंडातून काढलं नाहीस.”

“तू विचारलंस का? तू मला मोबाइल दाखवलास.”

“मीटिंगमध्ये तरी सांगायचं होतंस.”

“सांगितलं होतं, तुझ्या आधी दोनदा. रजिस्टरला नसलेल्या पोरांना खायला देते म्हणून मलाच मेमो दिला.”

मी खाली बसले. मग तिनेच चहा ठेवायला मुलीला सांगितलं आणि म्हणाली, “पुढच्या मीटिंगला दोघी मिळून बोलू, वहिनी. तू टॉवर काढायला लाव. मी कुलपातली पोरं घालायला लावते. एकटीचं कुणी ऐकत नाही.”

मी हो म्हणाले. मनापासून म्हणाले.

मीटिंगला तेच साहेब आले. या वेळी मी तयारी करून गेले होते. नकाशात पेन्सिलीचं एक बटण असतं, त्याने स्वतःची रेघ मारता येते आणि मारलेल्या रेघेच्या आतलं तेवढंच मोजता येतं. हे मला चटईवर बसून बसून सापडलं होतं. मी उभी राहिले आणि म्हणाले, “साहेब, खाडीच्या काठाने रेघ मारा. टॉवर पलीकडे ठेवा. आणि मग रंग बघा.”

“तुम्हीच मारा,” ते म्हणाले. बहुतेक चेष्टेनेच.

मी पुढे गेले. माऊस मी जन्मात पहिल्यांदा धरला होता. रेघ वाकडी आली, खाडीवर दोनदा चढली आणि उतरली. पण बंद झाली. साहेबांनी बटण दाबलं. आमचा तुकडा सबंध हॉलसमोर लाल झाला, बमरोलीपेक्षा गडद.

या वेळी टाळ्या नव्हत्या. सुपरवायझर बेन साहेबांकडे बघत होती. साहेबांनी चष्मा काढून पुसला. ते म्हणाले, बेनचं बरोबर आहे. ही हद्द चुकीची पडली आहे. मला जे वाटलं ते सांगता येणार नाही. तेवीस वर्षांत ‘बेनचं बरोबर आहे’ हे त्या हॉलमध्ये मी कुणाबद्दलच ऐकलं नव्हतं.

मग ते म्हणाले, “पण दूध तेवढंच आहे. यांना द्यायचं तर कुठून तरी काढावं लागेल.” त्यांनी नकाशा लहान केला. “बमरोलीत पोरं कमी दिसतात. बेन, तिथे पंधरा दिवस तुम्हीच होता ना? केंद्रावर रोज किती येत होती?”

नणंद दुसऱ्या रांगेत बसली होती. प्लॅस्टर निघालं होतं, हात अजून बारीक दिसत होता. ती माझ्याकडे बघत होती. घाबरलेली नव्हती. मी काय सांगणार हे तिला माहीत होतं, असं तिला वाटत होतं.

“केंद्रावर नऊ,” मी म्हणाले.

पुढचं मी बोलणार होते. असं मी स्वतःला अजूनही सांगते. पण ‘नऊ’ म्हटल्यावर मी थांबले. श्वास घेण्याइतकं थांबले. माझ्या डोळ्यांसमोर माझ्या दारावरची कोळशाची अक्षरं होती, ती अडीच वर्षांची पोरगी होती, तिच्या आईचं तोंड होतं. तेवढ्यात साहेबांनी आकडा लिहून घेतला आणि नकाशा पुढच्या विभागावर नेला.

नणंद ताडकन उभी राहिली. “साहेब, कुलपात पोरं आहेत माझ्याकडे. खिडकीतून खातात. हिने पाहिली आहेत. विचारा तिला!”

“रजिस्टरमां छे?” सुपरवायझर बेनने विचारलं.

“रजिस्टरमध्ये नाहीत, पण...”

“तो बेसो.”

तेव्हा मी म्हणाले, “आहेत साहेब, मी पाहिली आहेत.” पण साहेब आता तिसऱ्याच विभागाबद्दल बोलत होते, आणि माझा आवाज इतका लहान निघाला की मलाच नीट ऐकू आला नाही.

मीटिंग सुटल्यावर नणंद जिन्यात माझी वाट बघत थांबली होती. मला वाटलं ओरडेल. तिने एवढंच विचारलं, “नऊनंतर काय झालं तुला?”

ती वेगळ्या रिक्षाने गेली.

महिन्याभरात आमच्याकडे दूध परत सुरू झालं. बमरोलीचं निम्मं कापलं. ती अडीच वर्षांची पोरगी हळूहळू भरली, दंड पिवळ्यात आला. तिच्या आईने माझी माफी बिफी मागितली नाही. दूध आलं त्या दिवशी गल्लीत म्हणाली, “बघा, ओरडलं की मिळतं.” अजूनही ती समोरून आली की माझं डोकं तापतं, आणि का तापतं हे मला ठाऊक आहे. तिच्या पोरीसाठी मी जे केलं ते तिला माहीतही नाही.

मी घरी एक अर्ज लिहिला. कुलपातल्या पोरांबद्दल, तीन पानी, सगळं आठवून: कोणती रांग, किती खिडक्या, दंडांचे रंग. खाली दोघींच्या सह्या असाव्यात असं मला वाटत होतं. फोन ती घेत नव्हती, म्हणून आखाजीची, अक्षय्य तृतीयेची वाट पाहिली. आखाजीला आमच्याकडे लेकी-बहिणी माहेरी येतात. तिचे आई-बाप गेले, तेव्हापासून आमचंच घर तिचं माहेर. नवरा सकाळीच तिला आणायला गेला. ती आली. भावाचा शब्द तिने मोडला नाही. पितरांच्या घागरीला हात जोडले, आई-बापांच्या नावाने घास काढला, खापरावरच्या पोळीचा तुकडा मोडला. माझ्याशी बोलली नाही, पण खाल्लं.

नवरा बाहेर गेल्यावर मी अर्ज तिच्यापुढे ठेवला. तिने तिन्ही पानं वाचली. सावकाश, बोट फिरवत.

“चांगलं लिहिलंयस,” ती म्हणाली.

“सही कर, ताई. दोघींच्या नावाने देऊ.”

तिने पानं घडी घालून माझ्याकडे सरकवली. “तुन्हा कागदवर मनी सही नही.”

“पोरांसाठी तरी.”

“पोरांसाठी हॉलमध्ये बोलायचं होतंस, तेव्हा तुझ्या तोंडात नऊच मावली.” ती चप्पल घालायला लागली. “खिडकीतली ती मोठी पोरगी विचारायची, दूसरी बेन कब आएगी म्हणून. आता नाही विचारत. गेलं ते बिऱ्हाड.”

त्यानंतरच्या मीटिंगला तिने स्वतःच एक अर्ज दिला. सुपरवायझर बेनने तो सगळ्यांसमोर वाचून दाखवला, कारण आता असे अर्ज वाचायचे असा वरून हुकूम आला होता. एकाच पानाचा होता, माझ्यापेक्षा साधा आणि माझ्यापेक्षा बरा. तिने म्हातारीचा अंगठा घेतला होता, दोन मिलमजूर बायांच्या सह्या घेतल्या होत्या. पंधरा दिवस तिथे कुणी दुसरी बेन होती, तिने दंड मोजले होते, यातला एक शब्दही त्यात नव्हता. साहेब म्हणाले, विचार करू. अर्ज अजून विचारातच आहे.

अर्ज वाचून झाला तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. वाजवणारी हॉलमध्ये मी एकटीच होते. ती भिंतीच्या कडेला बसली होती, माझ्यापासून सगळ्यात लांबच्या खुर्चीवर, आणि तिने मान वळवली नाही.